घड्याळजींचा हो

ग्राहक तक्रार कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीला चिकटून एक खोली आहे. दारावर नुसतं 'ध्वनी' असं लिहिलंय. खाली 'कक्ष' असंही होतं, पण एका वर्षी दार फुगलं आणि सुताराने तेवढाच भाग रंधा मारून काढला. कारकुनाला याचं वाईट वाटलं नाही. कक्ष म्हणावा एवढी ती खोली नव्हतीच. एक टेबल, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट आणि भिंतीपलीकडे टाकीत पडणारं पाणी.

या खोलीत कारकून एकोणीस वर्षं ऐकत बसला होता. पूर्वी फसवायचं तर कागदावर सही घ्यावी लागे. त्याला कागद लागतो, शाई लागते, समोर माणूस लागतो. मग कंपन्यांनी खर्च कमी केला. फोन करायचा, अटी वाचून दाखवायच्या, पलीकडून 'हो' आलं की झाला करार. माणूस तक्रार घेऊन आला की कंपनी तो 'हो' पाठवून द्यायची आणि कारकून तो कानाला लावून शेऱ्यात लिहायचा : 'आवाज स्पष्ट. होकार स्पष्ट.' ऑफिसात त्याला सगळे कानसेन म्हणत. एवढ्या मोठ्या तक्रार कार्यालयात तक्रारी खरोखर ऐकणारा तो एकटाच, असा त्यात टोमणा होता, आणि तो त्याला मान्य होता.

त्रास एवढाच होता की ऐकलेले हो परत जात नसत. बसमध्ये, न्हाव्याच्या खुर्चीत, डोळा लागता लागता एखादा यायचा. घाईतला हो. खोकल्यातला हो. दुसरीकडे लक्ष असलेल्या बाईचा हो. म्हातारे हो तर पुष्कळच. त्यांतले काही लोक आता हयात नव्हते, पण रेकॉर्डिंगवरून ते कळायची सोय नव्हती. कपाटात ते सगळे सारख्याच तत्परतेने संमती देत होते.

त्यामुळे कारकुनाने स्वतः हो म्हणणं सोडून दिलं होतं. फोन उचलला की तो 'बोला' म्हणे. घरी बायकोने चहा ठेवू का विचारलं, तर 'चालेल', 'ठेव', 'काही हरकत नाही'. बायको म्हणायची, लग्नाला तरी हो म्हणाला होतात ना, की तेव्हाही काही हरकत नव्हती?

घड्याळजींची बायको तक्रार घेऊन आली तेव्हा तिच्या हातात घर रिकामं करण्याची नोटीस होती. घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. घड्याळजी जाऊन वर्ष झालं होतं. दुकानात आता नवं काम येत नव्हतं, पण लोकांची राहिलेली घड्याळं ती ओळखून ओळखून परत करत होती. नोटिशीत म्हटलं होतं की घड्याळजींनी फोनवरून 'सोबत' नावाची योजना घेतली आहे. योजनेत आजारी माणसाला कोणत्याही वेळी फोनवर धीर दिला जाई. पहिले तीन महिने धीर फुकट, नंतर दरमहा शुल्क. शुल्क थकलं की त्याचं कर्ज होई, कर्जाला व्याज लागे, व्याज थकलं की त्याचंही कर्ज होई, आणि कलम सत्तावीसप्रमाणे, ज्या पत्त्यावरून संमती दिली तो पत्ताच या सगळ्याला तारण असे. घड्याळजी गेले, पण योजनेने सोबत सोडली नव्हती.

तक्रारीच्या अर्जात शेवटी एक रकाना असतो : 'तक्रारदारास काय हवे आहे?' लोक तिथे पैसे परत, नुकसानभरपाई, मनस्तापाबद्दल अमुक इतके असं लिहितात. घड्याळजींच्या बायकोने लिहिलं होतं : 'हे खरंच बोलले का, ते कळावं. दुकान राहिलं तर बरं.'

कारकुनाला वाटलं, बाईंचा क्रम चुकला. त्याने तसं सुचवलंही. ती म्हणाली, क्रम बरोबर आहे.

मग तिने सांगितलं ते असं. जाण्याच्या आधी आठ महिने घड्याळजींना झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डाव्या हाताने ते पाटीवर लिहीत : पाणी, खिडकी, उशी. आठ महिन्यांत तोंडातून एक अक्षर आलं नाही. आणि ही कंपनी म्हणत होती की झटक्यानंतर तिसऱ्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता, ते फोनवर स्वच्छ 'हो' म्हणाले. मंगळवारी सकाळी ती औषधं आणायला जायची. फोन त्यांच्या उशाशीच असायचा.

"माझ्याशी आठ महिने बोलले नाहीत, आणि यांच्याशी बोलले असतील, तर मला ते माहीत पाहिजे," ती म्हणाली.

पहिली सुनावणी झाली ती खालच्या मजल्यावरच्या खोलीत. अध्यक्षबाई चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत असत, पण कागद त्यांच्या नजरेतून सुटत नसे. कंपनीचे वकील फार मऊ बोलायचे; समोरच्याला वाटावं, हे आपल्याच बाजूने आहेत. त्यांच्यासोबत एक सडपातळ गृहस्थ आले होते. त्यांनी स्वतःचे हेडफोन मऊ कापडाच्या पिशवीत घालून आणले होते. वकिलांनी ओळख करून दिली, आमचे ध्वनीप्रमुख. कंपनीत त्यांना शिंपी म्हणतात, हे कारकुनाला ठाऊक होतं. का म्हणतात ते सिद्ध कधीच झालं नव्हतं.

रेकॉर्डिंग लावलं. एका गोड आवाजाच्या मुलीने सत्तावीस कलमं वाचली. व्याजाचं कलम शिंक यायला लागतो तेवढ्या वेळात संपलं. मग ती ठळकपणे म्हणाली, आपल्याला हे सर्व मान्य आहे का?

"हो."

मागे काहीतरी बारीक खणखणलं, आणि रेकॉर्डिंग संपलं.

घड्याळजींची बायको खुर्चीच्या कडेला बसली होती, ती तशीच राहिली. अध्यक्षबाईंनी दोनदा विचारलं, आवाज ओळखता का? कारकून तिच्याकडे बघून मान हलवत होता. नियमाप्रमाणे त्याला तसं करता येत नाही, पण मान त्याची होती. नाही म्हणा, ठाऊक नाही म्हणा, वर्ष झालं, आठवत नाही म्हणा.

"आवाज ह्यांचाच आहे," ती म्हणाली.

कारकुनाने डोळे मिटले. त्यामुळे शिंपी त्या क्षणी दचकून वर बघू लागले, हे त्याला उशिरा दिसलं. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. भिंतीआडून कुणीतरी हाक मारली असावी आणि ती कुठून आली ते कळत नसावं, तसे ते बघत होते.

वकिलांचं काम सोपं झालं. डॉक्टरांचा दाखला तिनेच जोडला होता. डॉक्टर सावध माणूस. त्याने खाली लिहून ठेवलं होतं, 'वाचा परत येण्याची शक्यता नाकारता येत नाही.' वकिलांनी ते वाक्य तीन वेळा वाचलं, दर वेळी आणखी मऊ आवाजात. मग म्हणाले, आजारी माणूस घरच्यांशी अबोला धरतो आणि परक्याशी मोकळा होतो, असंही आढळतं. कारण घरच्यांनाच माहीत.

बाईने पदर मुठीत धरला आणि सोडला.

अध्यक्षबाईंनी चष्मा शोधता शोधता शिंप्यांना विचारलं, हा 'हो' दुसरीकडचा उचलून इथे जोडलेला नाही कशावरून? शिंप्यांचा चेहरा बदलला. धंद्याबद्दल कुणी विचारलं की माणसाला राहवत नाही.

"जोडलेला आवाज टकला असतो, मॅडम," ते म्हणाले. "मागे काही नसतं. यात ऐका, मागे अख्खं दुकान आहे."

खरंच होतं. मागे टिकटिक होती, अनेक चालींची. शेवटी ते खणखणणंही होतं. कारकुनाने आजवर ऐकलेले खोटे हो खरोखरच टकले होते. निकाल पंधरा दिवसांवर ठेवला गेला. तोवर कुणाही पक्षाला पुरावा तपासता येईल, रोज एक तास, ध्वनी कक्षात, कारकुनाच्या समक्ष.

घड्याळजींची बायको दुसऱ्या दिवशी दहाला हजर झाली. तपासण्याच्या कारणात तिने 'खात्री' असं लिहिलं. तासाभरात तिने तो हो अकरा वेळा ऐकला. कारकुनाला आधी वाटलं, ती खोट शोधते आहे. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की खोट सापडू नये अशीही तिची थोडी इच्छा आहे. वर्षभर आणि आठ महिने ज्या आवाजाला ती पारखी झाली होती तो इथे, टाकीच्या शेजारी, बटण दाबलं की येत होता. कुणासाठी आला होता, हा प्रश्न वेगळा.

तिसऱ्या दिवशी ती हेडफोन काढून बोलायला लागली. घड्याळजींना बोलायची फार हौस. गिऱ्हाइकाशी बोलत, रस्त्याने जाणाऱ्याशी बोलत, फोनवर काहीबाही विकणाऱ्यांशी तर खास बोलत. लोक असे फोन आपटतात. हे त्या पोरापोरींना विचारत, जेवलीस का, पगार वेळेवर देतात का, तुझ्या हातावर घड्याळ कुठलं आहे. एका संध्याकाळी असाच फोन चालला होता. आतून तिने जेवायला हाक मारली. ताट वाढून अर्धा तास झाला तरी गृहस्थ आले नाहीत. आले तेव्हा हसत आले. तिचं डोकं फिरलं. ती म्हणाली, आता माझ्याशी एक शब्द बोलू नका.

ते खरोखर गप्प जेवले. तिला वाटलं, सकाळी बोलतील. सकाळी झटका आला.

"मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं," ती म्हणाली. "आयुष्यात तेवढं एकच ऐकलं हो माझं."

कारकुनाला एकोणीस वर्षांत असल्या प्रसंगी काय म्हणायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. तो म्हणाला, वाचा जाते तेव्हा ती मेंदूतून जाते, वहिनी, भांडणातून जात नाही. ती म्हणाली, डॉक्टरही हेच म्हणाले होते. मग अकरा वाजता मंगळवारी हे काय आहे?

त्या दिवसापासून तो हो कारकुनाच्या घरी येऊ लागला. आधीचे हो येत आणि जात. हा बसून राही. आंघोळीचं पाणी काढताना तो हो ऐकू आला की त्यामागून ते खणखणणं येई, आणि कारकून हातातला तांब्या तसाच धरून उभा राही. त्या हो मध्ये त्याला काहीतरी खटकत होतं. सत्तावीस कलमं ऐकून कंटाळलेल्या माणसाचा तो हो नव्हता. कंटाळलेले हो त्याने हजारो ऐकले होते. हा हो 'आलोच' म्हणावं तसा होता. पण शेऱ्यात असं काही लिहायला जागा नसते.

पाचव्या दिवशी त्याने तिला आपली टिपणं वाचून दाखवली. प्रत्येक पुराव्यात जे जे ऐकू येतं ते सगळं लिहून काढायची त्याची पद्धत होती, ती कुणी वाचत नसलं तरी. 'हो' च्या पुढे त्याने लिहिलं होतं : 'चमचा पेल्यावर आपटल्याचा आवाज, दोन वेळा.'

"चमचा कुठला?" ती म्हणाली. "परत लावा."

त्याने लावलं. इतके दिवस ती फक्त हो ऐकत होती. हो संपला की तिला पुढचं ऐकू येतच नव्हतं. आता तिने हो जाऊ दिला आणि मागे थांबली. टण्. मग जराशाने, विसरलेलं आठवावं तसं, हलकंच टक्.

तिचा हात टेबलावर आला. "ही लंगडी."

घड्याळजींचा एक शिरस्ता होता. दुरुस्तीला आलेली ठोक्यांची घड्याळं ते कधीच एका वेळेवर लावत नसत. प्रत्येकात पाच-पाच मिनिटांचं अंतर ठेवत. सगळी एकदम वाजली तर कोण चुकतंय ते कळत नाही, म्हणून. गिऱ्हाइकांना वाटे, ज्याच्या दुकानात एकही घड्याळ बरोबर नाही त्याला काम काय द्यायचं. पण बायकोला भिंतीआडून, चुलीपुढे उभ्या उभ्या, प्रत्येकाचा आवाज पाठ झाला होता. लंगडी हे त्यांतलं एक भिंतीवरचं घड्याळ. अर्ध्या तासाला एकच ठोका द्यायचा, तर ते एक देई आणि नंतर लाजल्यासारखा अर्धा. त्या टक् ने ती इतकी वैतागली होती की म्हणाली होती, आधी हिचा पाय बरा करा.

दुसऱ्या दिवशी ती दुरुस्तीचं रजिस्टर घेऊन आली. घड्याळं पुसायच्या पिवळ्या कापडात गुंडाळलं होतं. शेवटच्या भरलेल्या पानावर घड्याळजींच्या अक्षरात लंगडीची नोंद होती. येण्याची तारीख होती, आणि नऊ दिवसांनी लिहिलेलं : 'हातोडीची स्प्रिंग बदलली. आता सरळ चालते.' पुढे घड्याळ नेलं त्या दिवशीची मालकाची सही. ते नेलं तेव्हा घड्याळजी आत पाटीवर 'पाणी' लिहीत होते. नोंदीखालचं पान कोरं होतं.

लंगडी लंगडत होती ती त्या दुकानात फक्त नऊ दिवस. नववा दिवस म्हणजे झटक्याची आदली संध्याकाळ.

कारकुनाने तारखा बोटांवर मोजल्या, परत मोजल्या. मंगळवार सकाळ अकराच्या जवळजवळ तीन महिने आधी.

"म्हणजे तेव्हा बोलत होते," ती म्हणाली. "तेव्हा काय, सगळ्या जगाशीच बोलत होते." आणि ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. हसू लवकरच ओसरलं, पण येऊन गेलं.

कारकुनाने वकिलांचा मऊ आवाज आठवून विचारलं, वहिनी, ते म्हणतील दुरुस्ती टिकली नसेल, घड्याळ पुन्हा बिघडून परत आलं असेल.

"ह्यांनी दुरुस्त केलेलं?" ती म्हणाली. प्रश्न तिथे संपला.

निकालाऐवजी झालेल्या दुसऱ्या सुनावणीला रजिस्टर अध्यक्षबाईंसमोर उघडं पडलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. तो सापडल्याचं ऑफिसातल्या लोकांनी प्रथमच पाहिलं. लंगडीचे मालकही आले होते. ते म्हणाले, घरी आल्यापासून घड्याळाने एकही जादा ठोका दिलेला नाही, उलट आम्हालाच आता चुकल्याचुकल्यासारखं होतं.

वकील म्हणाले, घड्याळाच्या ठोक्यावरून माणसाची संमती नाकारायची, तर व्यवहार बंद पडतील. त्यावर अध्यक्षबाईंनी आठवण करून दिली की मागे अख्खं दुकान आहे, हे आपल्याच साक्षीदाराचं म्हणणं. दुकान खरं धरायचं तर लंगडीही खरी धरावी लागेल. मग त्यांनी विचारलं, त्या नऊ दिवसांत आपल्या कंपनीने घड्याळजींना केलेले मूळ फोन कुठे आहेत?

वकील म्हणाले, असल्या किरकोळ फायली कंपनी ठेवत नाही. त्या आपोआप पुसल्या जातात.

"मी काही पुसत नाही," शिंपी म्हणाले.

ते वकिलांकडे बघत नव्हते. पहिल्या सुनावणीसारखंच ते घड्याळजींच्या बायकोच्या दिशेने, पण तिच्याकडे न बघता बोलत होते. वकिलांनी हळूच त्यांच्या कोपराला हात लावला, तर त्यांनी कोपर काढून घेतला. मग त्यांनी कापडी पिशवीतून हेडफोनच्या खालून एक छोटं यंत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.

त्यांनी जे सांगितलं ते कारकुनाने नंतर लिहून काढलं. दिवसाला चाळीस-पन्नास हो लागत. मूळ फोन ऐकायचे, त्यातला चांगला, मोकळा हो शोधायचा, आजूबाजूच्या आवाजासकट उचलायचा म्हणजे जिवंत वाटतो, आणि मुलीच्या प्रश्नापुढे बसवायचा. इतरांचे सांधे कळतात, माझे कळत नाहीत, हे सांगताना त्यांचा स्वर अजूनही जरा वर गेला. पण उचललेल्या जागी जे उरतं ते टाकून देववत नाही. ते सगळं माझ्याकडे आहे. हो ज्यांना दिलेले होते ते प्रश्न माझ्याकडे उरलेत. त्यांतला एका बाईंचा आवाज वर्षभर डोक्यातून जात नव्हता. मागच्या वेळी या बोलल्या तेव्हा कळलं, कुणाचा ते.

अध्यक्षबाई म्हणाल्या, लावा.

आधी घड्याळजी आले. काय काय बोलत होते. पलीकडच्या पोराला ते घड्याळाला चावी सकाळीच का द्यावी हे समजावत होते. पोराने दोनदा योजनेचं नाव काढलं, दोनदा घड्याळजींनी त्याला चावीवर परत आणलं. पोरगाही हसत होता. खोलीत अध्यक्षबाईंच्या चेहऱ्यावरही काहीतरी हललं. मग दूरवरून, भिंतीआडून, एका बाईचा आवाज आला :

"ऐकताय ना? ताट वाढलंय."

"हो."

टण्. टक्.

"ठेवतो रे," घड्याळजी फोनवर म्हणाले. "आमचं मुख्य घड्याळ आतून वाजलं. बाकीची कशीही चालोत, ते पुढे-मागे होत नाही. आणि या लंगडीचा पाय आज बरा करून टाकतो, तिला हिचा त्रास होतो."

फोन ठेवल्याचा खट् असा आवाज आला. पुढे काही नव्हतं.

घड्याळजींच्या बायकोने रजिस्टर ओढून घेतलं आणि शेवटच्या नोंदीवर बोट ठेवलं. अर्धा तास ते कुठे होते, ते तिथे लिहिलेलं होतं. आता सरळ चालते. ते दाखवायला हसत आले होते आणि दाखवायचं राहून गेलं होतं.

वकिलांना पाणी हवं होतं, पण त्यांनी ते मागितलं नाही.

निकाल मोठा होता, त्यातलं थोडंच इथे सांगण्यासारखं. करार झालाच नव्हता. दुकान दुकानवालीचं. कंपनीचे बाकीचे सगळे हो संशयाखाली, शिंप्यांकडच्या सगळ्या उरलेल्या फायली मुद्देमाल म्हणून कार्यालयाच्या ताब्यात. कंपनीने शिंप्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं. कारण दिलं, फायली वेळेवर न पुसणे. त्यांच्यावर खटला चालला तेव्हा त्यांनी प्रत्येक आरोपाला मान डोलावली. तोंडाने होकार द्या, असं न्यायाधीशांना दोनदा सांगावं लागलं.

कारकुनाच्या कपाटात आता त्या मूळ फोनांचे चार खण झाले. रोज पाच-सहा ऐकायचे, कुठला हो कुणाच्या प्रश्नाला होता ते लिहायचं, आणि त्या घरी पत्र धाडायचं. एका म्हाताऱ्याचा हो नातीला होता : 'आजोबा, जागे आहात?' एका बाईचा शेजारणीला होता, कपडे आत घेऊ का म्हणून. कर्ज मात्र सगळ्यांच्या नावावर सारखंच चढलेलं. कारकुनाला वाटलं होतं, प्रश्न सापडले की हो जातील. ते गेले नाहीत. आता जोडीने येतात.

ऐकलेला पुरावा तीन वर्षं जपायचा आणि मग नष्ट करायचा, असा नियम आहे. त्याची प्रत पक्षकाराला मिळत नाही. आवाजाचा गैरवापर होऊ नये, म्हणून. तपासणीला मात्र कधीही येता येतं. घड्याळजींची बायको महिन्याच्या पहिल्या तारखेला दहाला येते, अर्ज भरते, कारणात 'खात्री' लिहिते. निकाल लागलेल्या प्रकरणात आता कसली खात्री, असं विचारणारा एक रकाना अर्जात हवा होता, पण तो नाही, आणि कारकून आपणहून विचारत नाही.

पहिले काही महिने ती पूर्ण फोन ऐकायची. मग एकदा म्हणाली, भाऊ, माझा आवाज यायच्या जरा आधी थांबवाल का? त्याने थांबवलं. तिने हेडफोन काढून ठेवले, म्हणाली, मोठ्याने लावा. खुर्ची थोडी मागे घेतली. चुलीपासून दुकानाची भिंत असेल तेवढी.

"ऐकताय ना?" ती म्हणाली. हाक मारली नाही, सहज विचारलं.

कारकुनाने तिचा जुना आवाज वगळून पुढचं बटण दाबलं.

"हो."

टण्. टक्.

आता दर महिन्याला असंच असतं. कधी ती ताटाचं विचारते, कधी दुसरं काही. गेल्या महिन्यात विचारलं, मी तेव्हा म्हटलं ते मनावर घेतलं नव्हतंत ना, विसरलात ना? कारकून बटणावर बोट ठेवून थांबला. एका माणसाचा हो दुसऱ्याच प्रश्नापुढे लावायचा, याबद्दल याच खोलीतून एका माणसाला तुरुंगात पाठवलं होतं, आणि त्या प्रकरणातलं टिपण त्याच्याच अक्षरात होतं.

टाकीत पाणी पडत होतं. ती वाट बघत होती.

त्याने बटण दाबलं. नंतर शेऱ्यात नेहमीप्रमाणे लिहिलं : 'आवाज स्पष्ट.' पुढचे दोन शब्द लिहायला त्याला थोडा वेळ लागला, पण तेही त्याने लिहिले.